आईचा कान आणि गाडीचं टायमिंग

तीर्थरूप मामांना, हाताला ग्रीस लागलेल्या भाच्याचा लांबूनच नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे तब्येतीने. मनाचं विचाराल तर येत्या रविवारी चढाची शर्यत आहे, आज सोमवार, आणि हे पत्र मी उभ्याने लिहितो आहे (बसलो की पाय हलतो, पायाने टेबल हलतं आणि अक्षर तुमच्यासारखं येतं). दर चार ओळींनी खाली जाऊन गाडी बघून येतो. गाडी जागेवरच असते. तरी जातो.

गाडी म्हणजे तुम्ही मला सोपवलीत तीच. नवा कॅमशाफ्ट आणि दोन कार्ब्युरेटर बसवल्यापासून प्रश्न पडला तो डिस्ट्रिब्युटरचा (कोणत्या सिलिंडरला ठिणगी कधी द्यायची हे ठरवणारा डबा, तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझी पत्रं मामीही वाचतात). जुन्याला व्हॅक्यूमवर हलणारा रबरी पडदा आहे. नवा खास शर्यतीचा, त्यात पडदा नाही, नुसती वजनं आणि स्प्रिंगा. कोणता ठेवावा यात माझे तीन आठवडे गेले. जेवतानाही दोन्ही ताटाशेजारी असायचे. शेवटी बायकोने विचारलं, "यातला कोणता वाढू?" त्या दिवशी घाईघाईने नवा बसवला.

पहिल्याच स्टार्टला सायलेन्सरमधून असा बार निघाला, की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा पेशंट गळ्यातल्या फडक्यासकट घरी निघून गेला. डॉक्टर खाली आले. पेट्रोलमध्ये पाणी असावं, असं मी त्यांना सांगितलं (खरं म्हणजे डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेरीने उलटा बसला होता). किडक्या दाढेकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डिस्ट्रिब्युटर सरळ केला आणि टायमिंग लावायला घेतलं. पिस्टन वर यायच्या दहा अंश आधी ठिणगी पडायला हवी. पुलीवरची खूण खडूने ठळक केली, टायमिंग लाईट धरली (ही ठिणगीबरोबर लुकलुकते आणि त्या क्षणी खूण कुठे आहे ते दिसतं), खूण बरोबर दहावर. चढावर नेली तर इंजिनातून डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज. परत आणली, लाईट धरली, दहा. पुन्हा चढ, पुन्हा गोट्या, पुन्हा दहा. असं चार दिवस. ऑफिसात एका पुलाच्या नकाशावर मी स्प्रिंगा काढून ठेवल्या आणि साहेबांनी, पूल नक्की कुठे उडणार आहे, असं विचारलं.

पाचव्या दिवशी आई लोकरीचा गुंडा घेऊन गाडीजवळ खुर्चीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ठिणगी लवकर पडतेय."

मी म्हटलं, "लाईट दहा दाखवतेय."

"लाईटला दिसतं ते ती दाखवते. इंजिन काय म्हणतंय ते ऐक."

मामा, आता जरा नाजूक भाग. सहा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात, याच गाडीच्या बॉनेटपाशी, तिने तुम्हाला हेच सांगितलं होतं. तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "ताई, तू जेवणाचं बघ, इथलं मी बघतो." पुढे चढावर पिस्टनला भोक पडलं आणि तुम्ही पेट्रोलला दोष दिलात (ही सवय आपल्या घराण्यात आहे). तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांची खुशाली मला विचारता. आजोबांच्या गॅरेजमध्ये दोघंही वाढलात. पाना तुमच्या हातात आला, तिच्या हातात चहाची किटली. पण किटली घेऊन उभं राहणाऱ्यालाही कान असतातच.

तिने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायला लावला, विणकामाची लांब सुई भोकात सोडली आणि मला पान्याने इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. सुई वर आली, थांबली.

"हा पिस्टन वर आला. आता तुझी खूण बघ."

खूण बारा अंश पलीकडे होती. पुलीची बाहेरची कडी आतल्या रबरावरून सरकली आहे, मामा. केव्हा, ते मी कसं सांगू? गंज बघता बरीच वर्षं झाली असावीत.

डिस्ट्रिब्युटरचाही निकाल तिनेच लावला. चढावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असतो, तिथे व्हॅक्यूमच्या पडद्याचा उपयोग नाही, म्हणून नवाच ठेवायचा. फक्त त्याच्या स्प्रिंगा फार नाजूक, तेव्हा एक जुन्यातली घालायची. मग चालू इंजिनापाशी मान तिरकी करून, डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवून तिने तो घट्ट केला. गाडी चढावर गेली. एकही गोटी वाजली नाही. मी तिचं कौतुक केलं, तर "हं" म्हणून टाके मोजत बसली. पण त्या दिवशी जेवायची वेळ होईपर्यंत तिने हात धुतले नाहीत. मधूनच बोटांचा वास घेत होती.

हे सगळं आपलं माहितीसाठी कळवलं. काही अपेक्षा नाही. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. शर्यतीच्या अर्जात दोन मेकॅनिकांची नावं लागतात. पहिलं आईचं लिहिलं आहे. दुसरी ओळ मी कोरी ठेवली आहे आणि दिवसातून दहादा तिच्याकडे बघतो.

ता. क. २ येणार असाल तर वाटेत एकच वाक्य पाठ करा: "ताई, तुझं बरोबर होतं." पेट्रोलचा विषय काढू नका.

ता. क. ३ पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. चढावर गाडी मी नेली होती. हा बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. रविवारी कोण चालवणार, ते याला अजून सांगितलेलं नाही. तू पाठ वगैरे काही करू नकोस. नवी पुली आणून ठेवली आहे, पण जुनीचा मधला बोल्ट मला एकटीला सुटत नाही. शुक्रवारी ये. — ताई