बाबांनी काही दाबलं नव्हतं

भिसेगाव, मंगळवार संध्याकाळ

बाबांच्या जुन्या टॅबवर बुद्धिबळाचं अ‍ॅप उघडेना, म्हणून रविवारी पाहुण्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो, "काहीतरी नको ते दाबलंत तुम्ही!" बाबा एवढंच म्हणाले, "आसंल रं, दाबलं आसंल." त्यानंतर त्यांनी टॅबला हात लावला नाही.

आज अ‍ॅपच्या कंपनीची सूचना वाचली. अ‍ॅप प्रत्येक डावाला क्रमांक देतं, आणि जगभरच्या डावांचे क्रमांक आता इतके वाढलेत की जुन्या टॅबमध्ये तेवढा मोठा आकडा मावतच नाही. चूक अ‍ॅपची होती. मी साधं तपासूनही न पाहता ओरडलो, आणि तेही पाहुण्यांसमोर...

माफी मागितली, तर बाबांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे माजं डोकं ठिकाणावर हाय! काल एकटाच डाक्टरकडं जाऊन आलो रं मी."

मला त्यांच्याकडे बघवेना.