अनघाच्या भत्त्यावरचा कर

भिंगार, रविवार, दिवेलागणीनंतर

आज फोनवर अनघावर चिडलेच. म्हणजे तिच्यावर नाही, तिथल्या सरकारवर. पोरगी राहते फ्रान्समध्ये, रोज सीमा ओलांडून नोकरीला जायची स्वित्झर्लंडला. ती नोकरी गेली. आता बेकारभत्ता मिळतो, आणि त्यावरही म्हणे कर! "नोकरी गेलेल्या माणसाकडूनही कर घेतात? लाज कशी वाटत नाही? सोड सगळं आणि ये इकडे," मी म्हटलं. तिच्यासाठी मागच्या खोलीतलं कपाट कालच रिकामं केलंय. साड्यांचे गठ्ठे अजून पलंगावर पडलेत.

ती हसली. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, "आई, काम मी पलीकडे केलं, पण भत्ता इथलं सरकार देतंय आणि करही इथेच भरायचा. का, तर मी इथे राहते म्हणून. इतकी वर्षं या गावात नुसती झोपायला येत होते गं. आता बेकरीवाली नावाने हाक मारते. मी इथेच नोकरी शोधतेय."

मला काय वाटलं? रडू आलं का? थोडं. पण आवाज किती मोकळा लागला होता तिचा!

ते कपाट काही डोक्यातून जाईना. शेवटी साड्या पुन्हा आत लावल्या. मे महिन्यात येते म्हणालीय. लग्न झालं नाही, तरी पोरगी माहेरवाशीण झाली की! आणि चार दिवसांच्या माहेरवाशिणीला कपाट कशाला? बॅगेतूनच कपडे काढेल. जाताना तीच बॅग मी बाजरीच्या पिठाने भरीन.