बाल्कनीतला तारा

शुक्रवार, नाताळच्या आधीचा. आखातातली खलिफा सिटी, मुलाचं घर.

मी बाल्कनीत लावलेला नाताळचा तारा सकाळी वॉचमनने उतरवायला लावला. कठड्याबाहेर काही टांगायचं नाही, असा बिल्डिंगचा नियम आहे म्हणे. "अंकल, फाइन आएगा." मी घाबरून लगेच काढला. दंड मुलाला पडला असता.

दुपारी बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधली वसईची मार्था डबा घेऊन उभी. एरवी ती खाली भेटली तर नुसती मान हलवते. हळूच म्हणाली, "काका, घरात कोणी गेलं का? काल तारा होता, आज नाही."

आमच्या वसईकडे दुःख असलेल्या घरी तारा लावत नाहीत. मी तिला नियमाचं सांगितलं. ती हसली. "अहो, मी घाबरले ना." तरी बसली, चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. या घरात माझ्यासाठी वाजलेली ही पहिलीच बेल असेल का?

रात्री मुलगा आला. म्हणाला, "पप्पा, काचेच्या आतून लावा. अलाउड आहे. बाहेरून दिसतो."

तारा सोफ्यावरच आहे. अजून लावला नाही. तो दिसला, की सगळं ठीक आहे असं समजून कोणी यायचं नाही.