श्वासनलिकेतली काजळी

३ मार्च
डॉक्टर म्हणून नोकरी लागली आणि खोलीही मिळाली! शवागाराच्या मागेच आहे. भिंतींना ताजा रंग, खिडकीला जाड गज. स्वयंपाकघर नाही, म्हणजे जेवण खानावळीत. भांडी घासण्यातून सुटले. विभागप्रमुख साहेबांनी चहा पाजला, घरच्यासारखी राहा म्हणाले. शवविच्छेदनाला मदत करणारे मामा तीस वर्षांपासून इथे आहेत. पोरी, इथला पेशंट कधी कुरकुरत नाही, असं म्हणून स्वतःच हसले.

९ मार्च
आठवड्यात तिसरी जळालेली बाई. तिघीही पंचविशीच्या आतल्या, नव्या सुना. साहेबांकडे फॉर्मचा गठ्ठा असतो. त्यात मृत्यूचं कारण आधीच टाइप केलेलं: 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका.' आपण फक्त नाव आणि वय भरायचं. मामांना विचारलं, एवढे स्टोव्ह भडकतात, मग सासूच्या हातात एकही कसा भडकत नाही? मामांनी धुतलेली कात्री पुन्हा धुवायला घेतली.

१४ मार्च
आज ठेकेदाराची सून. वय एकवीस. श्वासनलिका उघडली, आतून स्वच्छ. जिवंत माणूस आगीत धूर ओढतोच, काजळी आत जातेच. हिच्या आत कणभरही नाही. गळ्यातलं हाड मोडलेलं. आधी गळा दाबला, मग पेटवलं.
टाइप केलेला फॉर्म फाडला. हाताने लिहिलं: खून. साहेब म्हणाले, ठेकेदार आपलेच आहेत, नसता शहाणपणा नको. तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांची पोर, आणि यांना सोयरीक आठवते!

१७ मार्च
जुन्या गठ्ठ्यात माझ्या आधीच्या डॉक्टरबाईंच्याच मृत्यूचा फॉर्म सापडला. वय सत्तावीस. स्टोव्हचा भडका. पत्ता— माझीच खोली.
या खोलीत स्टोव्ह कधी नव्हताच.
दारामागचा रंग नखाने खरवडला. खाली काळं. मामांना धरलं तर रडायला लागले. तिनेही हातानेच लिहिलं होतं, म्हणाले.

१९ मार्च, सकाळ
उद्या ठेकेदाराच्या सुनेच्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब. तो दिला की ही खोली सोडायची. साहेबांनी शेवटचं विचारलं, अहवाल बदलतेस का. नाही म्हटलं. हसले, जेवून आराम कर म्हणाले.

दुपार
दाराला बाहेरून कडी. ओरडले— कोणी येत नाही.
फटीतून रॉकेल येतंय. चादर कोंबली, भिजली—
गजांतून वही जाईल, मी नाही. मामा, उचला. या वेळी तरी गप्प बसू नका.
जो मला उघडेल त्याने लिहावं— स्टोव्ह नव्हता. कडी बाहेरून होती. श्वासनलिका बघा, काजळी असेल. मी जिवंत होते, मी अजून श्वास—