सगळ्या प्रकारच्या डिस्क वाजवणारा प्लेयर

५ जानेवारी २०२५, रविवार

या वर्षी एकच संकल्प. आपल्या घराचा चाळीच्या तिसऱ्या मजल्याला होणारा त्रास बंद करायचा.

त्रास म्हणजे बाबांचा सीडी प्लेयर. पहाटे पाच चाळीसला बाबा दार उघडतात, प्लेयर उंबऱ्याजवळच्या स्टुलावर ठेवतात आणि गावच्या डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, सीडी लावतात. पखवाज, झांजा, गजर, सगळं. आठ भजनं, एक तास. झाकण रबर बँडने बांधलेलं. अकरा वर्षं, रोज. बाबा मिलच्या बॉयलर खात्यात होते. भोंगा द्यायचं काम त्यांच्याकडे. मिल कधीच बंद झाली, उठायची सवय काही गेली नाही.

शाळेत जायच्या आधी बाबांनीच मला पाटीवर अक्षरं शिकवली. पहिलं पूर्ण वाक्य लिहून घेतलं ते असं : आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होता कामा नये. आता मी त्यांना हे कसं सांगू?

एकाही शेजाऱ्याने आजवर तक्रार केलेली नाही. यावरूनच लोक किती कंटाळले असतील ते समजतं.

मला स्वतःला काही त्रास नाही. मला पावणेसातला आपोआप जाग येते, शेवटचं भजन संपता संपता.

८ जानेवारी, बुधवार

उगाच आरोप नको म्हणून पुरावे गोळा केले. तीन दिवस अलार्म लावून (खरं लिहायचं तर दोन) अंथरुणातून कान देऊन ऐकलं.

पहिला गजर : शेजारच्या गंगुबाई धाडकन दार उघडतात आणि कळशी आपटतात. संताप.

तिसरं भजन : समोरच्या सीमावहिनी, ज्या डबे करून देतात, ओट्यावर कुकर दाणकन ठेवतात. घुसमट.

पाचवं भजन : कोपऱ्यातल्या खोलीतला स्वप्नील, रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहे, आमच्या दारावरून अक्षरशः पळत जातो. बाबांकडे बघतही नाही.

आपल्यामुळे माणूस स्वतःच्या घरातून पळून जातो. मला ऑफिसमध्ये दिवसभर घास गिळवला नाही. (दुपारी वडा खाल्ला. एकच.)

१२ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. हेडफोनची सोय असलेला नवीन प्लेयर. इंटरनेटवर चार रात्री वाचून काढलं. नुसता सीडी प्लेयर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. घ्यायचा तर युनिव्हर्सल. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि आणखी पाच प्रकार, ज्यांची नावं मी वहीत लिहून ठेवलीत.

लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानातल्या हितेंद्रने विचारलं, मॅडम, आपल्याकडे डिस्क कुठल्या कुठल्या आहेत? मी म्हटलं, सीडी. तो म्हणाला, आणि? मी म्हटलं, सध्या सीडी. किती? मी म्हटलं, अकरा, पण वाजते एकच. त्याने हातातला खोका परत फळीवर ठेवला. मग म्हणाला, मॅडम, मग युनिव्हर्सल कशाला?

उद्या कोणी दुसऱ्या प्रकारची दिली तर? विचार करायला नको? दिवाळीचा बोनस सार्थकी लागला.

१९ जानेवारी, रविवार

जोडणी झाली. त्रुटी फार किरकोळ.

एक. प्लेयरला स्वतःचा आकडे दाखवणारा पडदा नाही, त्यामुळे भजन लावायला टीव्ही लावावा लागतो.
दोन. डिस्क ओळखायला तो पाऊण मिनिट घेतो. आठ प्रकार तपासायचे म्हणजे वेळ लागणारच.
तीन. हेडफोनची वायर आखूड आहे, त्यामुळे बाबांना कपाटाकडे तोंड करून बसावं लागतं. वर्गात शिक्षा झाल्यासारखे दिसतात, पण ते फक्त मागून.

बाबांना विचारलं, कसा आहे? म्हणाले, चांगला आहे. मग दाराकडे बघत म्हणाले, बाहेर ऐकू जात नाही ना? मी म्हटलं, अजिबात नाही! ते म्हणाले, बरं.

समाधानी दिसले.

जुना प्लेयर जिन्याखाली ठेवला. वर चिठ्ठी : चालू स्थितीत. झाकण रबर बँडने बांधावे. प्ले दोनदा दाबावे. दहा मिनिटांत कोणीतरी नेला. गरजूला मिळाला.

२० जानेवारी, सोमवार

पहिली शांत सकाळ. मजल्यावर चिटपाखरू नाही. अकरा वर्षांची झोप लोक भरून काढत होते. ऐकून डोळे भरून आले. (ऐकायला मी जागी नव्हते. उठले तेव्हा साडेसात झाले होते. पण शांतता होती हे नक्की.)

ऑफिसला वीस मिनिटं उशीर. लालबागच्या पुलाखाली ट्रॅफिक.

संध्याकाळी गंगुबाई दोन कळश्या पाणी मागायला आल्या. म्हणाल्या, आज नळ येवन गेलो, कोणाक पत्तो नाय. काय गो, तुझो बापूस बरो आसा मा? मी म्हटलं, एकदम मजेत. जाताना त्यांनी दार आपटलं नाही. इतक्या वर्षांचा राग एका दिवसात उतरला.

२३ जानेवारी, गुरुवार

सीमावहिनींचे डबे दोन दिवस उशिरा गेले, आज भात करपला. मी समजावलं की शरीराला झोपेची नव्याने सवय होत असते, धीर धरा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, आकांक्षा, तुला बरं नाही का गं?

स्वप्नील गॅलरीत लुंगीवर बसलेला दिसला. कामावर गेला नाही का विचारलं. म्हणाला, साहेबाने गेटवरून परत पाठवला, तिसरा लेट मार्क. पण बघा, आता त्याला घरात बसावंसं वाटतंय!

ऑफिसला अर्धा तास उशीर. ट्रॅफिक.

बाबा सातला उठले. शाबास.

२९ जानेवारी, बुधवार

बाबा साडेआठला उठले. दाढी नाही केली. चहा अर्धा ठेवला. हेडफोन चार दिवसांत लावलेला नाही, वायर मी ठेवली तशीच आहे. विचारलं, बाबा, बरं वाटत नाही का? म्हणाले, बरं आहे की. मग उठला का नाहीत लवकर? म्हणाले, उठून काय करू?

हीच खरी विश्रांती. निवृत्ती त्यांना आता मिळाली.

(तरी डॉक्टरांकडे नेऊन आणते. उगाच.)

आईला गावी फोन केला. ती म्हणाली, त्या माणसाला चाळीस वर्षं मी गप्प नाही बसवू शकले, तू काय केलंस? मी म्हटलं, युनिव्हर्सल घेतला. तिने फोन ठेवला. रेंज गेली असणार.

ऑफिसमध्ये मेमो मिळाला. मेट्रोचं काम कधी संपणार देव जाणे.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्रास थांबवला, पण झालेल्या त्रासाचं काय? माफी मागायलाच हवी. पत्राचे तीन खर्डे झाले. 'अकरा वर्षे आपण सर्वांनी जे निमूटपणे सोसलेत' इथे मला स्वतःलाच रडू आलं. सकाळी जिन्याच्या फळ्यावर लावणार.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊला पत्र लावलं. सव्वानऊला अख्खा मजला आमच्या दारात. मी हात जोडून उभी. बाबा आत कपाटाकडे तोंड करून, हेडफोनशिवाय.

सीमावहिनी म्हणाल्या, कसला त्रास गं बाई? तिसरं भजन सुरू झालं की मी कुकर चढवते, ते संपलं की गॅस बंद. अकरा वर्षांत एक डबा चुकला नाही. गेल्या पंधरवड्यात चार गिऱ्हाइकं तुटली.

मी म्हटलं, घड्याळ आहे ना? त्या म्हणाल्या, पिठाच्या हाताने घड्याळ बघू?

स्वप्नील म्हणाला, मोबाईलचा अलार्म मी झोपेत बंद करतो. काकांना कसा बंद करणार? एक लेट मार्क आणखी, की नोकरी गेली माझी.

मी गंगुबाईंकडे वळले. दार आपटणं तरी खरं होतं ना? त्या म्हणाल्या, नळ पावणेसहाक येता गो बाय, दार काय हळूहळू उघडू?

मी म्हटलं, पण जुना प्लेयर कोणीतरी नेला हो. त्यावर सगळे गंगुबाईंकडे बघायला लागले. गंगुबाई आत गेल्या आणि लुगड्यात गुंडाळलेला प्लेयर घेऊन आल्या. चिठ्ठीसकट. म्हणाल्या, मिया इलंय घेवन. माझ्या घरात गजराची सीडी पण आसा. पण पाच चाळीसाक उठान लावतलो कोण? स्वप्नील म्हणाला, पाळी लावली होती. पहिली माझी होती.



मग आतून बाबांचा आवाज आला, रबर बँड आहे ना त्याचा?

दुपारी जेवताना बाबांनी दोनदा भात घेतला. चार वाजता दाढी केली. रविवारी संध्याकाळी कोण दाढी करतं?

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच चाळीस. गजर. आवाज पूर्वीपेक्षा एक आकडा जास्त आहे असं मला वाटतं, पण वाद घातला नाही. गंगुबाईंचं दार धाडकन. कळशी. तिसऱ्या भजनाला कुकर. पाचव्याला स्वप्नील पळत गेला, आणि पळता पळता ओरडला, काका, थँक्यू! बाबा म्हणाले, पळ, पळ, अंतरा सुरू झाला.

युनिव्हर्सल प्लेयर वाया गेलेला नाही. स्टूल थोडं बुटकं होतं, बाबांना वाकावं लागायचं. आता खाली युनिव्हर्सल, वर जुना. उंची अगदी बरोबर आली. बाबांची कंबर वाचली, हे त्या आठ प्रकारांत धरायला हरकत नाही.

एवढं ऐकून मला परत झोप लागली. पावणेसातला आपोआप जाग आली.

ऑफिसला पाच मिनिटं आधी पोचले. पुलाखालचा ट्रॅफिक एकदम कमी झालाय.