तिसरे प्रवासी

प्रिय ताई,

सहल तुझीच भेट, म्हणून आम्ही दोघं आज बंदरावर चेक-इनच्या रांगेत उभे होतो. बॅगा पट्ट्यावरून जहाजात गेल्या, फोटो निघाले. मग काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तिसरे प्रवासी?"

"बाबा? ऐंशीच्या पुढच्यांना जहाजावर घेत नाहीत ना?" तू सांगितलेलंच मी विचारलं.

"असं कोण म्हणालं? डॉक्टरांचा दाखला पुरतो. त्यांचं तिकीट तर बुकिंग करणाऱ्या बाईंनीच परवा रद्द केलं."

म्हणजे तू. संशय हा माझा स्थायीभाव आहे, असं तू नेहमी म्हणतेस. पण त्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाल्याचं तू गेल्या महिन्यात दोनदा सहज बोललीस, आणि आता आम्ही दहा दिवस समुद्रावर, बाबा तुझ्या ताब्यात. योगायोग इतका शिस्तीचा नसतो गं.

मी रांगेतून बाहेर पडलो. ही ओरडली, "अहो, बॅगा चढल्या! माझ्या गुडघ्याच्या गोळ्याही!"

"त्यांना येऊ दे फिरून."

"चला मग," ही म्हणाली, "मलाही ताईंचं लक्षण ठीक दिसत नाही."

हे टॅक्सीत लिहितोय. पोस्टात टाकणार नाही. पत्राआधी मीच तुझ्या दारात उभा असेन. बाबांचे कपडे भरले असशील, तर ते मी माझ्या हातांनी परत कपाटात लावीन.

तुझा आज्ञाधारक म्हणून ओळखला जाणारा,
धाकटा भाऊ