अजिंक्यताऱ्याची सवय

श्रूजबरी, १२ फेब्रुवारी २००५

ती. अण्णांना नमस्कार.

पाय मोडलेला नाही, नुसता मुरगळलाय. आज एक्स-रे पाहून डॉक्टरांनीच सांगितलं. आईला आधी एवढंच वाचून दाखवा.

स्कीइंग सुधारावं म्हणून लायब्ररीतून पुस्तकं आणली होती. सगळ्यांत एकच लिहिलंय, उतारावर अंग पुढे झुकवा. पण अजिंक्यतारा उतरताना तुम्ही शिकवलेलं "मागे रेल" अंगात मुरलंय. बर्फावर रेलले आणि आपटले. नेत्रा वरून ओरडली, "मॉम, पुस्तक पाठ होतं ना तुझं?"

लेक तेरा वर्षांची झाली. पुढच्या हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबरच जाईल, म्हणून माझी घाई.

जिना उतरताना कठडा धरता ना?

बर्फ मार्चअखेर टिकेल म्हणतात. तोवर पाय बरा झाला, तर नेत्रा मला मोठ्या उतारावर नेणार आहे.

तुमची,
यामिनी